पाक चोंग, १९७१ : तुटपुंजं बजेट, परका मुलूख आणि मुरगळलेला घोटा

जुलै १९७१ मध्ये हाँगकाँगच्या एका नव्या कंपनीचं युनिट थायलंडमधल्या पाक चोंग या छोट्या गावात उतरलं. बजेट होतं सुमारे एक लाख अमेरिकन डॉलर. कथा बर्फाच्या कारखान्यातल्या मजुरांची आणि बर्फाच्या लाद्यांमधून होणाऱ्या अमली पदार्थांच्या तस्करीची. सप्टेंबरच्या सुरुवातीला युनिट परतलं तोवर दिग्दर्शक बदलला होता, कथेचा नायक बदलला होता. ज्याच्या नावावर सिनेमा विकायचा होता त्या नटाच्या बोटाला दहा टाके पडले होते, घोटा सुजला होता आणि अंगात ताप होता. तो नट म्हणजे ब्रूस ली आणि सिनेमा 'द बिग बॉस'.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक थेट पडद्यावरच्या लाथांकडे वळतात. इथे त्या लाथा कोणत्या परिस्थितीत चित्रित झाल्या, एवढंच पाहायचं आहे. परदेशात थोड्या पैशांत ॲक्शनपट करणाऱ्या युनिटला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. तिथे दिवस वाढवता येत नाही. हॉटेल, गाड्या, जेवण, परतीची तिकिटं सगळं तारखेला बांधलेलं असतं. म्हणून प्रत्येक अडचणीची किंमत शॉटमध्ये चुकवावी लागते : शॉट कुठून घेतला, किती लांब ठेवला, कोणाच्या अंगावर घेतला. 'द बिग बॉस' हे त्याचं अगदी स्वच्छ उदाहरण आहे.

पैसा आणि करार

रेमंड चाऊ आणि लिओनार्ड हो यांनी शॉ ब्रदर्स सोडून १९७० मध्ये गोल्डन हार्वेस्ट काढली. शॉ ब्रदर्सकडे स्वतःचा प्रचंड स्टुडिओ, कायमचे सेट आणि पगारी नटांची फौज होती. नव्या कंपनीकडे यातलं फारसं काही नव्हतं, वर जुन्या मालकांशी कोर्टबाजी. अशा कंपनीला बाहेरचं लोकेशन परवडतं, कारण सेट उभारावा लागत नाही. चालू कारखाना आयताच मिळतो. मात्र सेटवर जे आपल्या ताब्यात असतं, म्हणजे प्रकाश, आवाज, जमीन, छप्पर, ते सगळं तिथे दुसऱ्याच्या मर्जीवर जातं.

ब्रूस ली तेव्हा अमेरिकेत अडकून पडला होता. ज्यात तो होता ती 'द ग्रीन हॉर्नेट' ही टीव्ही मालिका १९६७ मध्येच संपली होती. १९७० मध्ये वजन उचलताना पाठीला गंभीर दुखापत झाली आणि पुन्हा लाथ मारता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. १९७१ च्या सुरुवातीला तो एका सिनेमासाठी लोकेशन पाहायला भारतातही येऊन गेला. वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन स्टुडिओचे भारतात अडकलेले, बाहेर नेता न येणारे रुपये वापरायचे म्हणून तो सिनेमा इथेच करायचा घाट होता, पण तो बारगळला. शॉ ब्रदर्सनी त्याला नवख्या नटाचा ठरावीक करार देऊ केला. चाऊंनी दोन सिनेमांचे १५,००० डॉलर देऊ केले आणि बोलणी करायला दिग्दर्शक लो वेई यांची पत्नी, अभिनेत्री लिऊ लियांग-ह्वा यांना लॉस एंजेलिसला पाठवलं.

एका सिनेमाचे साडेसात हजार म्हणजे बजेटच्या साडेसात टक्के. ही रक्कम मोठी नव्हती. पण सगळं बजेट या एका माणसाच्या शरीरावर टाकलेलं होतं, आणि त्या शरीराला वर्षभरापूर्वीच पाठीची दुखापत होऊन गेली होती.

गाव आणि हवामान

पाक चोंग हे नाखोन राचासिमा प्रांतातलं गाव, बँकॉकच्या ईशान्येला. तिथून बँकॉकच्या डॉक्टरांपर्यंत तेव्हा गाडीने दोन तास. हे दोन तास लक्षात ठेवायचे, पुढे ते लागणार आहेत. जुलै ते सप्टेंबर हा तिथला पावसाळा. सकाळी ऊन, दुपारी ढग, मग सर, आणि सरीनंतर ओली माती. मारामारीच्या सीनला हे सगळ्यात जड जातं. संवादाचा सीन दहा शॉटमध्ये उरकतो. मारामारीचा चाळीस-पन्नासवर जातो आणि ते शॉट अख्खा दिवस चालतात. पहिली ठोसेबाजी उन्हात आणि तिचंच उत्तर ढगाखाली गेलं, तर जोडताना डोळ्याला खुपतं. उपाय दोनच. एक, रुंद शॉट एकाच प्रकाशात सलग घेऊन ठेवायचे आणि जवळचे शॉट ढगाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला करायचे. दुसरा, सीनच सावलीत लावायचा.

लीने तिथून पत्नी लिंडाला पत्रं लिहिली. त्यांत डास आहेत, झुरळं आहेत, जेवणाची तक्रार आहे : गोमांस मिळत नाही, कोंबडी आणि डुकराचं मांस अगदी थोडं, बरं झालं जीवनसत्त्वाच्या गोळ्या बरोबर आणल्या. वाचताना ही घरच्या आठवणीची कुरकुर वाटते, पण निर्मितीच्या हिशेबात ती वेगळी नोंद आहे. दिवसाला आठ-दहा तास उड्या आणि लाथा मारणाऱ्या माणसाला पुरेशी प्रथिनं मिळाली नाहीत तर स्नायू भरून येत नाहीत, आणि थकलेल्या पायाची उडी दुसऱ्या आठवड्यात चुकते. नटाचं जेवण हा स्टंटच्या सुरक्षेचा भाग आहे. छोट्या बजेटात सगळ्यात आधी कात्री लागते ती नेमकी तिथे.

बर्फाचा कारखाना

लोकेशनचा जीव या कारखान्यात होता. बर्फाच्या लाद्यांचा कारखाना कसा चालतो हे कळलं की तिथे शूटिंग का कठीण, हे आपोआप कळतं.

जमिनीत मोठी टाकी असते. तिच्यात मिठाचं पाणी, अमोनियाच्या नळ्यांनी उणे आठ-दहा अंशांपर्यंत थंड केलेलं. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे उभे सोडतात. मोठ्या लादीचा नेहमीचा माप-डबा तीनशे पौंडांचा, म्हणजे साधारण १३६ किलोंचा. एवढी लादी आतपर्यंत गोठायला दीड ते दोन दिवस जातात. मग डबा क्रेनने उचलून क्षणभर साध्या पाण्यात बुडवतात, कडा सुटतात आणि लादी घसरत बाहेर येते. तिथून पुढे सगळं काम लोखंडी आकडे आणि चिमटे घेऊन, ओल्या फरशीवर.

लादी बाहेरून आत गोठत जाते. पाण्यातली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात, त्यामुळे गाभा पांढरा आणि दुधाळ होतो. डब्यात हवा सोडून पाणी ढवळत ठेवलं तर लादी काचेसारखी आरपार होते. लादीत पुडी लपवण्याची कथा पडद्यावर पटते ती या पांढऱ्या गाभ्यामुळे. आरपार लादीत पुडी पहिल्याच मजुराला दिसली असती. कथेत तस्करी उघडी पडते ती लादी फुटल्यावर, आणि कारखान्याच्या रचनेत हे अगदी चपखल बसतं.

आता शूटिंगच्या बाजूने पाहू. उणे तापमानाच्या टाकीशेजारी उभा असलेला कॅमेरा बाहेरच्या तिशीपार दमट हवेत आणला की भिंगावर लगेच दव धरतं. पुसून भागत नाही, कारण काच थंड असेपर्यंत ते परत धरतं. कॅमेरा आणि लेन्स पिशवीत बंद करून बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, वीस मिनिटं ते अर्धा तास, थांबावं लागतं. म्हणून आतले सगळे शॉट एका दमात आणि बाहेरचे वेगळे, असा दिवस लावायचा. आत-बाहेर धावपळ केली की दिवसातले दोन तास भिंगं सुकवण्यात जातात.

प्रकाशाचा प्रश्न वेगळाच. त्या काळच्या नेहमीच्या कोडॅक रंगीत निगेटिव्हचा वेग १०० एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्याचं माप; आकडा लहान तितका उजेड जास्त लागतो), तोही टंगस्टन दिव्यांखाली. दिवसाच्या उजेडात फिल्टर लावला की ६४. पत्र्याचं छप्पर, धूसर खिडक्या आणि रुंद पडद्यासाठीची, चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवणारी ॲनामॉर्फिक लेन्स. ही लेन्स उजेडाचं छिद्र थोडं बारीक केल्याशिवाय कडा धारदार देत नाही, त्यामुळे आत भरपूर दिवे लागतात. दिवे तापतात, बर्फ वितळतो, फरशी आणखी ओली होते. लादी फोडण्याचा शॉट पहिल्या टेकला जमला नाही तर दुसरी लादी हवी. दोन तासांपूर्वीची लादी कडांनी गोल झालेली असते आणि आधीच्या शॉटशी जुळत नाही. चालू कारखान्यात लाद्या फुकट मिळतात हे खरं, पण त्या कारखान्याच्या वेळेला मिळतात, शॉटच्या वेळेला नाही.

वर यंत्रांचा आवाज. कॉम्प्रेसर, पंखे, बर्फ कापणारी पाती. या गोंगाटावर ओरडून ओरडून आपला आवाज बसायला आल्याचं लीने पत्रात लिहिलं आहे. सिनेमा डबिंगनेच पुरा होणार होता, त्यामुळे पडद्यावरचं काही बिघडलं नाही. मारामारीत बिघडतं ते इशाऱ्याचं काम. समोरच्याने 'हो' म्हटलेलं ऐकू आलं नाही तर लाथ अर्धा क्षण लवकर जाते. गोंगाटाच्या जागी इशारा डोळ्याने किंवा हाताने द्यायचा, आणि तो तालमीत ठरवायचा. टेक सुरू झाल्यावर ठरवायला गेलं की कोणाचा तरी जबडा जातो.

दिग्दर्शक गेला, नायक सरकला

सिनेमा सुरू केला वू चिया-श्यांग यांनी. थोड्याच दिवसांत त्यांच्या जागी लो वेई आले. लीने पत्नीला कळवलं की नवा दिग्दर्शक प्रसिद्धीचा भुकेला दिसतो, पण काम येत असेल आणि सहकार्य करणार असेल तर आपली हरकत नाही. सहकार्य फारसं झालं नाही, दोघांचे खटके उडतच राहिले. नायक म्हणून सुरुवातीला जेम्स टिएन या दुसऱ्या नटाकडे पाहिलं जात होतं. कामं समोर आली तसा तोल लीकडे झुकला.

शूटिंगच्या मध्यावर नायक बदलणं म्हणजे वापरलेली फिल्म फेकून देणं. पस्तीस मिलिमीटरचं चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटंही चालत नाही आणि छोट्या बजेटात प्रत्येक रीळ मोजून आणलेलं असतं. हा सिनेमा त्यातून वाचला तो कथेतल्या एका धाग्यामुळे. लीच्या पात्राने, चेंग चाओ-आनने, आईला वचन दिलेलं असतं की मारामारी करणार नाही, आणि त्या वचनाची खूण म्हणून गळ्यात लॉकेट असतं. सिनेमाचा बराच सुरुवातीचा भाग तो हात आवरून उभा राहतो. त्या वेळात मारामारी टिएनचं पात्र करतं. मग ते पात्र मारलं जातं आणि पुढे कारखान्यातल्या झटापटीत कोणीतरी लॉकेट तोडतं. तिथून सिनेमा लीचा.

या रचनेची किंमत निर्मितीच्या डोळ्याने ओळखली पाहिजे. टिएनचे शॉट वाया गेले नाहीत, त्याचा मृत्यू हाच लीच्या रागाला कारण झाला. प्रेक्षकाला लाथेची इतकी वाट पाहायला लावली की पहिली लाथ बसली तेव्हा थिएटरं दणाणली. आमच्या मते संपूर्ण सिनेमातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, आणि तो टंचाईतून आला म्हणून कमी दर्जाचा ठरत नाही.

मारामारीच्या पद्धतीवरून दुसरा वाद होता. फाइट मास्टर होते हान यिंग-चिएह. खलनायक, म्हणजे कारखान्याचा मालक, हेही तेच. त्यांची घडण जुन्या पद्धतीची : लांबलचक देवाणघेवाण, ट्रॅम्पोलिनवरून उंच उड्या. लीला तीन लाथांत माणूस खाली हवा होता. सिनेमात दोन्ही दिसतं. झाडांवरून जाणाऱ्या उड्या आहेत, लो वेईंच्या चवीचं भिंतीत पडलेलं माणसाच्या आकाराचं भोक आहे, आणि त्यांच्यामध्ये लीचे ते आखूड, कोरडे फटके. खर्चाच्या बाजूनेही फरक मोठा. वीस हालचालींची देवाणघेवाण एका टेकमध्ये घ्यायची तर विसावी चुकल्यावर सगळी फिल्म वाया. तीन हालचालींचा शॉट चुकला तर काही फूट गेले. लीची पद्धत कमी फिल्म खाते.

घोटा

आता मुख्य प्रसंग. त्याआधी पातळ काचेचा एक ग्लास हातात फुटून लीचं बोट फाटलं होतं, दहा टाके. बोटावरचे टाके दहा-चौदा दिवस सांभाळायचे असतात आणि मूठ आवळली की ताणतात. पावसाळ्यात, घामात, मारामारी करणाऱ्या माणसाला हे पाळणं किती अवघड, ते सांगायला नको.

मग उंच उडी. उतरताना खालची गादी सरकली आणि घोटा वाईट मुरगळला. डॉक्टर बँकॉकला, दोन तासांवर. तिथल्या कोंदट उकाड्यात आणि वाहतुकीच्या कोंडीत फ्लूही झाला. पत्रात लीने सरळ लिहिलं आहे की ताप, सर्दी आणि अंगदुखीत, पाय ओढत, क्लोज-अप घेऊन शेवटची मारामारी पुरी केली.

गादी सरकणं हा अपघाताचा सगळ्यात सामान्य प्रकार आहे. उडी मारणारा माणूस सरळ खाली पडत नाही, पुढच्या गतीने येतो. गादीला तो खाली दाबतो तितकाच पुढेही ढकलतो. ओलं गवत, धूळ किंवा गुळगुळीत फरशी असली की गादी पायाखालून निघते आणि टाच कडेवर येते. पाऊल आत वळतं आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे बंध ताणले जातात किंवा फाटतात. टाळायला लागतं ते अगदी स्वस्त : गादीखाली खरखरीत जाड कापड, चारही कोपरे खुंट्यांना दोरीने बांधलेले, एकाऐवजी दोन गाद्या आडव्या-उभ्या, जोड उतरण्याच्या जागी येऊ न देणं, आणि दोन्ही बाजूंना गादी पायाने दाबून उभे राहणारे दोन जण. प्रत्येक टेकनंतर गादी परत खुणेवर आणायची. पाचव्या टेकला गादी वीतभर पुढे गेलेली असते आणि ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

दुखापतीनंतर अशी मारामारी कशी उरकतात? पाय जमिनीला टेकवायचा नसेल तर शॉट कमरेवर कापतात : चेहरा, खांदे, मुठी. लाथ लागली आहे हे मार खाणाऱ्याच्या अंगावर दाखवायचं. त्याच्या पाठीमागून शॉट घ्यायचा आणि लीचं फक्त पाऊल फ्रेममध्ये येऊ द्यायचं, तेही चांगल्या पायाचं. धावत येण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याला त्याच्याकडे यायला लावायचं. पाठमोरा रुंद शॉट दुसऱ्या माणसावर घेता येतो, पण खांद्यांची ठेवण जुळली पाहिजे. लीच्या बाबतीत ते सोपं नव्हतं, तशी पाठ दुसऱ्या कोणाची नव्हती.

रुंद पडद्यावर क्लोज-अपची एक अडचण असते. २.३५ ला १ या चौकटीत (रुंदी उंचीच्या २.३५ पट) एकटा चेहरा ठेवला तर अर्धी फ्रेम रिकामी राहते. ती भरायला समोरच्याचा खांदा, एखादं झाड किंवा मोकळी जागा हवी. त्या मोकळ्या जागेतून पुढचा हल्ला येणार, असं प्रेक्षकाला वाटत राहतं. अशी रिकामी बाजू ठेवून घेतलेला क्लोज-अप ताण धरून ठेवतो आणि नट मात्र जागच्या जागी उभा असतो. लीचा चेहरा यासाठी बनलेलाच होता. शेवटच्या झुंजीत तो स्वतःचं रक्त चाखतो, नजर वर करतो. पायाचं काहीही न करता त्या क्षणी सगळी मारामारी पडद्यावर असते.

वेगही हाताशी असतो. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे कॅमेरा सेकंदाला चोवीसऐवजी बावीस फ्रेमने चालवला तर हालचाल नऊ टक्के जलद दिसते, आणि आवाज बिघडायचा प्रश्नच नाही. ताप असलेल्या माणसाचे मंदावलेले हात अशाने सावरता येतात. वीस फ्रेमच्या खाली गेलं की मात्र कपडे आणि केस फडफडायला लागतात आणि चाल विनोदी होते.

परतल्यावर

सिनेमा ऑक्टोबर १९७१ च्या अखेरीस हाँगकाँगमध्ये लागला. तिथल्या कमाईचा आकडा सुमारे ३२ लाख हाँगकाँग डॉलर. त्या वेळच्या दराने पाच लाख अमेरिकन डॉलरच्या वर. ही तिकीटखिडकीवरची रक्कम आहे, सगळी निर्मात्याच्या हाती येत नाही. तरीही शहरातला 'द साउंड ऑफ म्युझिक'चा जुना विक्रम मोडला. सिनेमातला मँडरिन (चिनी भाषेतला) आवाज दुसऱ्याचा होता, लीचा नव्हे. अमेरिकेत १९७३ मध्ये त्यावर चुकीचं नाव लागलं, 'फिस्ट्स ऑफ फ्युरी', आणि लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी' या दुसऱ्या सिनेमाशी त्याची कायमची गल्लत झाली.

पुढच्याच वर्षी 'द वे ऑफ द ड्रॅगन'साठी लीने पुन्हा परदेशी लोकेशन घेतलं, या वेळी स्वतः दिग्दर्शक म्हणून, चाऊंबरोबर काढलेल्या काँकॉर्ड या कंपनीतून. जागा रोम. तिथे त्याने छोटं युनिट नेलं आणि रस्ते, चौक, कलोसियमच्या कमानी अशी बाहेरची दृश्यं चित्रित केली. चक नॉरिसबरोबरची कलोसियममधली झुंज मात्र बहुतांशी हाँगकाँगच्या स्टुडिओत, सेट लावून, कोरड्या फरशीवर केली.